मदत हवी आहे का?

माझ्या मुलीचा परदेशातल्या कॉलेजचा अर्ज एका रविवारी दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत जवळजवळ भरून झाला होता. मार्क भरून झाले, शिक्षकांची शिफारसपत्रं झाली, ‘आयुष्यातल्या कोणत्या अडचणीवर तुम्ही मात केलीत’ या विषयावरचा निबंधसुद्धा झाला. तो तिने मला वाचायला दिला नाही, त्यावरून ती अडचण मीच असणार असा माझा कयास आहे. उरला होता एकच प्रश्न. ‘तुम्ही कॉलेजकडे आर्थिक मदत मागणार आहात का?’ त्याच्याखाली दोन वर्तुळं, एकापुढे ‘होय’ आणि दुसऱ्यापुढे ‘नाही’.

“त्यात एवढं काय अडलंय?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. “हवी असेल तर होय, नको असेल तर नाही.” माझी बायको घरी मुलांना गणित शिकवते. प्रश्न म्हटला की त्याला एकच उत्तर असतं आणि ते पुस्तकाच्या शेवटी दिलेलं असतं, अशी तिची श्रद्धा आहे.

“तसं नाहीये, आई,” मुलगी म्हणाली. “तिथल्या मुलांनी मदत मागितली तर काही बिघडत नाही. पण बाहेरच्या मुलांनी मागितली, की प्रवेश द्यायचा का नाही हे ठरवतानाच ते बघतात. बाहेरच्यांसाठी त्यांच्याकडे पैसे थोडे असतात. म्हणजे होय म्हटलं की चुरस वाढली.”

“मग नाही म्हण,” मी म्हणालो.

“नाही म्हटलं आणि प्रवेश मिळाला, तर पुढे एकाही वर्षी मागता येत नाही. पूर्ण फी आपण भरायची.”

“किती असते फी?”

तिने आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींना रक्तदाबाचा त्रास असू शकतो. मी शांतपणे उठलो, खिडकीपाशी गेलो आणि बाहेर काहीतरी बघितल्यासारखं केलं.

आता मुलगी जाणार होती ती कशासाठी, तर नद्या शिकायला. नदी आपली वाट मधूनच का बदलते, हा प्रश्न तिला लहानपणापासून छळतो आहे. त्या कॉलेजात म्हणे एका लांबलचक शेडमध्ये वाळू पसरून तिच्यात खरोखरची छोटी नदी सोडतात, आणि ती कुठे वळते हे मुलं दिवसचे दिवस वहीत टिपत बसतात. आमच्याकडे न्हाणीघरातला नळ गळतो तेव्हा पाणी कुठे वळतं हे बघायला कुणी थांबत नाही. पण त्या शेडबद्दल बोलताना तिचा चेहरा असा काही उजळतो, की मला दोन मिनिटं नद्यांबद्दल आस्था वाटायला लागते. तिला तिथे जायचं होतं, दुसरीकडे कुठेही नाही, आणि ते होईल की नाही हे त्या दोन वर्तुळांवर ठरणार होतं.

माझी अडचण वेगळीच होती. मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. ‘पाणीपट्टीत सवलत मिळणेबाबत’ या विषयाचे अर्ज ज्या खिडकीत घेतात, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी गेली कित्येक वर्षं बसतो आहे. मदत मागणारा माणूस कसा दिसतो हे मला अगदी जवळून ठाऊक आहे. तो आधी खाकरतो, मग हसतो, मग ‘तसं काही नाही, पण’ अशी सुरुवात करतो. मी त्यांच्याशी कधी वाईट वागलो नाही, पण आपण खिडकीच्या आत आहोत याचं मला बरं वाटायचं. आणि आता मीच खिडकीबाहेर उभं राहायचं, तेही परदेशातल्या!

सल्ला घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण आमच्या इमारतीत सल्ला घ्यावा लागत नाही, तो घरपोच येतो. दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले काका बँकेतून निवृत्त झाले असले तरी बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते चप्पल न काढताच म्हणाले, “अरे, माग की बिनधास्त! द्यायचे नसते तर विचारलं कशाला असतं त्यांनी? मी आयुष्यभर कर्जं वाटली. जो मागायला लाजतो त्याची फाईल मी सगळ्यात खाली ठेवायचो.”

झेरॉक्सच्या दुकानावर ‘परदेशी शिक्षण मार्गदर्शन’ अशी पाटी लावून बसलेल्या मार्गदर्शकांनी डोळे मिटून सांगितलं, “चुकूनही मागू नका. होय म्हटलंत की दार बंद. एकदा आत शिरायचं, मग पुढचं पुढे.” पुढचं पुढे म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या फीचा कागद पुढे केला.

तळमजल्यावर दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा तर परदेशात शिकून आलेला. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे असा काही प्रश्नच आला नाही बाई,” आणि घाईघाईने कुणाची तरी दाढ बघायला आत गेल्या. “आमच्या ‘यां’ना तेव्हाच काहीतरी खटकलं होतं,” असं बायको आता सगळ्यांना माझ्याबद्दल सांगते. मला काहीही खटकलं नव्हतं. मला फक्त मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी मुलीला सांगून टाकलं, “नाही म्हण. आपण कुणापुढे हात पसरणार नाही. बघू काहीतरी.”

बायको हात पुसत बाहेर आली. “नाही म्हणाल, आणि समजा प्रवेश मिळाला. मग काय कराल? ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावाल?”

तेवढ्यात मुलीने ‘होय’च्या वर्तुळावर बोट ठेवलं आणि दाबलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. नंतर खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, “बाबा, मला खरंच जायचंय.” माझा सगळा ताठा तिथल्या तिथे विरघळला, आणि आता हे काम आमच्या खात्याच्या शिस्तीतच पार पाडायचं असं मी ठरवलं. इथेच मी चुकलो.

‘होय’ म्हटल्याबरोबर दुसरा अर्ज उघडला, आईवडिलांच्या परिस्थितीचा. त्याला पगाराचा दाखला हवा होता. दाखल्यासाठी मी आमच्याच आस्थापना विभागात अर्ज टाकला. त्यात ‘प्रयोजन’ असा एक रकाना असतो. तिथे ‘मदत’ हा शब्द काही केल्या माझ्या हातून उतरेना, म्हणून मी तो रकाना तसाच सोडला. संध्याकाळी अर्ज परत आला. वर तांबड्या शाईत लिहिलेलं, ‘अपूर्ण. रकाना रिक्त.’ खाली सही होती त्या तरुण कारकुनाची, ज्याला मी स्वतः कामाला लावलं होतं. रिकामा रकाना दिसला की अर्ज परत, बाप असला तरी, ही शिकवण माझीच. मग निमूटपणे ‘मुलीच्या उच्च शिक्षणासाठी मदत मिळणेकामी’ असं लिहून दिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या खात्यात पोचली होती. त्या दिवशी तिघांनी मला आपल्या डब्यातली भाजी वाढली.

तेव्हाच मी कानाला खडा लावला, की आता कॉलेजच्या अर्जात एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. मुलीची परीक्षा चालू होती. ती म्हणाली, “बाबा, तुमचा भाग तुम्हीच भरा.” तिने माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी तो अतिशय मन लावून भरला.

‘इतर स्थावर मालमत्ता.’ आता माझ्या नावावर आणि माझ्या सहा चुलतभावांच्या नावावर मिळून एक प्लॉट आहे. त्यावर कोर्टात दावा आहे आणि प्रत्यक्षात सार्वजनिक शौचालय आहे. पण प्लॉट तो प्लॉट. मी लिहिलं, ‘मोक्याच्या जागी भूखंड.’ शेजारचा किमतीचा रकानाही रिकामा ठेवून चालणार नव्हतं. बँकवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, “रस्त्याला लागून आहे ना? मग दुकानाचा भाव धर.” धरला. ‘कौटुंबिक व्यवसाय’ या रकान्यात बायकोच्या शिकवणीचं काय लिहावं याचा मी बराच विचार केला आणि लिहिलं, ‘गणिताची खासगी शैक्षणिक संस्था. संस्थापक-संचालक : पत्नी.’ ‘वाहन : एक, सुस्थितीत.’ ती स्कूटर चालत नाही, पण उभी सुस्थितीत असते. ‘कलाकृती व मौल्यवान संग्रह’ या ठिकाणी क्षणभर थांबलो, मग शाळेत असताना जमवलेली पोस्टाची तिकिटं आठवली. शेवटचा रकाना होता ‘अपेक्षित वारसा’. आत्याला मूलबाळ नाही. लिहिली आत्या.

भरलेला अर्ज मी पुन्हा वाचला. एकही रकाना रिकामा नव्हता. इतका देखणा अर्ज माझ्या खिडकीत आजवर आला नव्हता. मी पाठवून दिला आणि त्या रात्री गाढ झोपलो.

पंधरवड्याने कॉलेजचं पत्र आलं. आपल्या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती पाहता संपूर्ण खर्च आपण करू शकाल असं आम्हाला वाटतं, त्यामुळे आपण मदतीस पात्र दिसत नाही. काही सांगायचं असल्यास आमच्या मदत विभागाच्या अधिकारी आपल्याशी व्हिडिओवर बोलतील.

“म्हणजे आपली ‘होय’वरची खूण पुसली गेली का?” मी आशेने विचारलं.

“नाही. ती तशीच आहे,” मुलगी म्हणाली.

म्हणजे मागणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभेच होतो, फक्त मिळणार काही नव्हतं. तिने माझा अर्ज उघडला. एकेक रकाना वाचत गेली. ‘संस्थापक-संचालक’पाशी आल्यावर तिने मान वर केली. मला वाटलं आता ही तडातडा बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती “बाबा...” म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी दाराबाहेर उभा राहिलो. खाकरलो.

संस्थापक-संचालक मात्र बोलल्या, आणि सविस्तर बोलल्या. त्याचा सारांश असा, की आत्या ठणठणीत आहे, रोज फिरायला डोंगर चढते आणि दर महिन्याला आपल्याकडूनच औषधाचे पैसे नेते, तेव्हा वारसा कोणाकडून कोणाकडे जातो आहे याचा हिशेब आधी मांडावा.

व्हिडिओची वेळ सकाळची ठरली. मी ठरवलं, की आता खरं ते सगळं सांगायचं. पण खरं सांगायला बसायचं कुठे? आमच्या बाहेरच्या खोलीत एक पलंग, मुलांना शिकवायचं टेबल आणि चार जातीच्या चार खुर्च्या. मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला सोफा तासाभरासाठी मागितला.

“अहो, आपल्याला गरज दाखवायची आहे, थाट नव्हे,” बायको म्हणाली.

“गरजच दाखवायची, पण घरंदाज,” मी म्हणालो.

सोफा तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर येईपर्यंत ठीक होता. बँकवाले काका वरून हुकूम सोडत होते, मी आणि दवाखान्यातला मदतनीस खालून ढकलत होतो. आमच्या दारात तो निम्मा आत शिरला आणि अडकला. काका म्हणाले डावीकडे, मदतनीस म्हणाला उजवीकडे, मी दोघांचंही ऐकलं. त्यानंतर तो आतही येईना आणि बाहेरही जाईना. निम्मा सोफा घरात, निम्मा जिन्यावर, आणि कॉलेजशी बोलायला जेमतेम दहा मिनिटं उरलेली. शेवटी मुलीने लॅपटॉप एका स्टुलावर ठेवला आणि आम्ही दोघं घरातल्या अर्ध्या सोफ्यावर बसलो. मी कोट घातला होता. दारात सोफा असल्यामुळे हवा बंद होती, आणि मी घामाने निथळत होतो.

पडद्यावर अधिकारीणबाई आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी करड्या चेहऱ्याची बाई असेल. ही तर माझ्याच वयाची, सर्दी झालेली, हातात मोठा कप, आणि मागच्या कपाटावर फायली कोसळायच्या बेतात. खिडकीच्या आतलं माणूस कुठेही तसंच दिसतं. त्या इंग्रजीत बोलणार, मी मराठीत, आणि मुलगी मधे सांगणार असं ठरलं होतं. इंग्रजी मला कळतं, पण बोलताना ते तोंडातल्या तोंडात गोठतं.

“तुमच्या भूखंडाबद्दल सांगा,” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. सहा चुलतभाऊ सांगितले, दावा सांगितला. शौचालयापाशी आल्यावर मुलीने माझ्याकडे बघितलं, मी म्हणालो, “तेही सांग.” तिने सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला.

“आणि ही शैक्षणिक संस्था?”

मुलीने लॅपटॉप वळवून टेबल दाखवलं. तिथे दोन लहान मुलं भागाकार करत होती आणि त्यांतलं एक शेंबूड पुसत होतं. संस्थापक-संचालकांनी पदराला हात पुसत नमस्कार केला.

तेवढ्यात जिन्यावरच्या अर्ध्या सोफ्यावर कुणीतरी धपकन बसलं आणि आम्ही दोघं दोन इंच वर उचललो गेलो. दाराच्या चौकटीतून एक सुजलेला गाल आत डोकावला. “दाढेसाठी इथेच थांबायचं ना? खाली सांगितलं, सोफा वर आहे.”

“हे तुमचे नातेवाईक का?” बाईंनी विचारलं.

“पेशंट आहेत,” मुलगी म्हणाली.

“तुमच्या वडिलांचे?”

मग सोफाही सांगावा लागला. हा आमचा नाही, दवाखान्याचा आहे, तुम्हाला दिसणार म्हणून आणला, आणि आता तो निघत नाही. सांगताना मुलीचा आवाज थरथरत होता. ती रडते आहे की हसते आहे हे मला कळेना, आणि तिलाही बहुधा कळत नसावं. पेशंटला घेऊन जायला मागोमाग डॉक्टरीणबाई वर आल्या होत्या. त्या जिन्यातच थांबल्या होत्या, आणि ऐकत होत्या.

बाईंनी चष्मा काढला, नाक पुसलं आणि हळू आवाजात विचारलं, की हे सगळं मी नव्याने लिहून घेते, पण मला सरळ सांगा, तुम्हाला काय हवं आहे?

मी खाकरलो. हसलोही बहुतेक. “तसं काही नाही, पण...” असं तोंडातून निघालं. शेजारी मुलगी मांडीवर हात घट्ट आवळून बसली होती. तिची नखं पांढरी पडली होती. मी तिला म्हणालो, “सांग त्यांना. माझ्या मुलीला शिकवण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. मदत करा, म्हणावं.”

ती माझ्या कोटाच्या बाहीकडे बघत राहिली.

“सांग ना,” मी म्हणालो.

तिने एक मोठा श्वास घेतला आणि इंग्रजीत म्हणाली, “माझे वडील म्हणतात, की त्यांच्याकडे आहे ते सगळं ते मला देतील. ते पुरणार नाही, म्हणून ते तुमच्याकडे मागताहेत.”

मी असं म्हणालो नव्हतो. इतकं इंग्रजी मला नक्की कळतं. पण तिचं वाक्य मी दुरुस्त केलं नाही. त्या सर्दीवाल्या बाईंनी ते लिहून घेतलं, आणि पेशंट आपला दुसरा, न सुजलेला गाल पुसत होता.

सोफा दुपारी दाराची चौकट काढून सोडवला. चौकट अजून बसायची आहे. त्या गडबडीत डॉक्टरीणबाई माझ्याजवळ आल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “भाऊजी, आमच्या मुलासाठी आम्हीही मागितली होती. तीनदा. कुणाला सांगितलं नाही एवढंच.” मग आपली चौकट आपणच मोडल्यासारख्या ताठ चालीने खाली गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. उलट फार बरं वाटलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. बायको चार मुलांना एकच गणित तीन वेळा शिकवत होती. मुलगी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची आणि आम्ही तिला ओरडत नव्हतो.

एका संध्याकाळी पत्र आलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. प्रवेश मिळाला होता. मदतही मिळाली होती, चारही वर्षांची. थोडा खर्च आमच्याकडे होता, पण तो कोट न घालता झेपण्यासारखा होता. बायको मटकन खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. बँकवाले काका आले आणि म्हणाले, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” मार्गदर्शकांचा फोन आला, की पाटीवर मुलीचा फोटो लावला तर चालेल का.

मुलगी घरभर फिरत होती. तिच्याकडे त्या शेडचं चित्र होतं, वाळूतल्या नदीचं, ते ती प्रत्येकाला दाखवत होती. मग तिने जमिनीवर नकाशा पसरला आणि आईला ते कॉलेज कुठे आहे ते दाखवायला लागली. आमच्या घरावर एक बोट ठेवलं. दुसरं बोट सरकवत सरकवत नेलं, समुद्र ओलांडला, आणखी एक समुद्र ओलांडला, आणि हात पुरेना म्हणून ती गुडघ्यांवर पुढे सरकली.

इतके दिवस मागायचं की नाही, मिळेल की नाही, यातच मी गुंतलो होतो. मिळालं तर ही जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“इतकं लांब?” मी म्हणालो.

“मग तुम्हाला काय वाटलं होतं?” बायकोने डोळे पुसत विचारलं.

मी मुलीशेजारी जमिनीवर बसलो आणि तिचा लॅपटॉप पुढे ओढला. “त्या सर्दीवाल्या बाईंना पुन्हा लाव बरं,” मी म्हणालो. “सुट्टीत घरी यायच्या तिकिटासाठी काही मदत मिळते का, ते विचारायचंय. तू मधे बोलू नकोस. मीच विचारतो.”